वहिनीची डिस्क उजवीकडे वळू लागली

माझ्या वहिनीचा उजवा खांदा आखडला तेव्हा ती बावन्न वर्षांची होती, आणि त्याआधी सलग बावीस वर्षं तिने त्या खांद्याला एक दिवसाची उसंत दिली नव्हती. ती हॉस्पिटलच्या धुलाईघरात कामाला. तळघरातली लांबलचक खोली, एका भिंतीला घोंघावणारी यंत्रं, मध्ये गरम रोलर आणि शेवटी घडीचं टेबल. रोलरमधून चादर बाहेर आली की दोघी जणी समोरासमोर उभ्या राहतात, कोपरे पकडतात आणि एकदम झटका देतात. फट्ट! चादर ताठ. मग घडी, मग पुढची चादर. दिवसाला चारशे वेळा तरी हा झटका. एक दिवस तिने हात वर केला आणि तो अर्ध्यातच थांबला. वर जाईना, आणि खाली आणताना जीव जायची पाळी. समोरची बाई म्हणाली, "काय गं, फोटो काढायचाय का?"

डॉक्टरांनी अडीच महिने घरी बसायला सांगितलं. इथे सांगायला हवं की मी माझ्या दादा-वहिनीकडेच राहतो. लिफ्ट दुरुस्तीचं काम करतो, लग्न केलं नाही, आणि त्यावर बोलायचं वहिनीने आता सोडून दिलंय. त्यामुळे ते अडीच महिने काय होते हे मी स्वतः भोगलंय. वहिनीला बसायची सवयच नाही. तिने एका डाव्या हाताने सगळं स्वयंपाकघर नव्याने लावलं. मीठ सापडायला आम्हांला चार दिवस लागले. माझ्या हत्यारांच्या पेटीतले स्क्रू तिने लांबीप्रमाणे बरण्यांत भरले. फिजिओच्या बाईंनी तिला भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा व्यायाम दिला होता. तो ती करायची, पण करताना भिंतीशी भांडायची.

शेवटी एका शनिवारी दादा माझ्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. दादा शहर बस चालवतो. दिवसभर हॉर्न ऐकून ऐकून घरी तो जवळजवळ बोलतच नाही, त्यामुळे तो दारात उभा राहिला म्हणजे काहीतरी गंभीर असणार.

"उद्या तू त्या तबकड्या फेकायला जातोस ना," तो म्हणाला, "हिला घेऊन जा."

"तिथे ती काय करणार?"

"काही का करेना. घराबाहेर करेल."

तबकड्या म्हणजे माझ्या डिस्क. जुन्या पाण्याच्या टाकीमागे मोठी बाग आहे, तिथे डिस्क गोल्फची अठरा ठिकाणं आहेत. खेळ सोपा आहे. साखळ्या लावलेली एक टोपली खांबावर उभी असते. ठरलेल्या जागेवरून डिस्क फेकायची, जिथे पडेल तिथून परत फेकायची, टोपलीत पडेपर्यंत. ज्याला कमीत कमी फेका लागतील तो जिंकला. जवळून टोपलीत टाकायची डिस्क वेगळी, मधल्या अंतराची वेगळी, आणि पहिल्या लांब फेकीसाठी असते तिला म्हणतात ड्रायव्हर. माझ्या पिशवीत त्या वेळी चार ड्रायव्हर होते. चारही दुकानातले सगळ्यांत वेगवान. बाराचा, दोन तेराचे आणि एक चौदाचा. मी जवान माणूस, कमी आकड्याची डिस्क घेऊन लोकांत कसा फिरणार?

वहिनी बाकावर बसली. मी तेराची डिस्क काढली, चार पावलं धावलो, सगळी ताकद लावली आणि फेकली. डिस्क निघाली ती थोडी सरळ गेली आणि मग, नेहमीप्रमाणे, खाली मान घालून डावीकडच्या झुडपात शिरली. दुसरी फेकली. तीही तिथेच.

"भाऊजी," वहिनी म्हणाली, "तुम्हांला ती कुठे जायला हवी होती?"

"त्या टोपलीकडे."

"मग तिला सांगितलं नव्हतं का?"

मागून कोणीतरी मोठ्याने हसलं. ते गुरुजी होते. गुरुजी म्हणजे शाळेतले भूमितीचे निवृत्त शिक्षक. रविवारी आपल्या जुन्या गाडीची डिकी उघडून त्यात चाळीसएक डिस्क मांडून बसतात. कोणालाही फेकून बघू देतात, आवडली तर घ्या, नाही तर परत ठेवा. मला ते दीड वर्ष सांगत होते की या डिस्क तुझ्या हाताच्या नाहीत, आणि मी दीड वर्ष ऐकत नव्हतो.

वहिनी उठून त्यांच्या डिकीपाशी गेली. एकेक डिस्क उचलून पाहू लागली. प्रत्येकीवर चार आकडे छापलेले असतात. तिने विचारलं, "हे काय? माप आहे का?"

गुरुजींचा चेहरा खुलला. इतक्या वर्षांत कोणी आपणहून विचारलं नसावं. "पहिला आकडा वेगाचा. दुसरा ती हवेत किती तरंगते त्याचा. तिसरा, जोरात असताना उजवीकडे किती वळते त्याचा. चौथा, वेग संपताना डावीकडे किती पडते त्याचा. उजव्या हाताने अशी आडवी फेकणाऱ्यांसाठी हं, डावखुऱ्यांचं सगळं उलट."

"मग तेराची सगळ्यांत लांब जाते?"

"इथेच सगळे फसतात, ताई. हा आकडा ती किती वेगाने जाईल ते सांगत नाही. तिला किती वेग द्यावा लागेल ते सांगतो. तेवढा दिला नाही तर ती उडतच नाही, नुसती डावीकडे कोसळते." आणि त्यांनी झुडपाकडे, म्हणजे माझ्याकडे, हात केला.

वहिनीने त्या दिवशी काही फेकलं नाही. पण पुढच्या खेपेला फिजिओच्या बाईंना तिने विचारलं, की हात खांद्याच्या वर न नेता छातीसमोरून आडवा फिरवला तर चालेल का. बाईंनी तिला करून दाखवायला लावलं, थोडा विचार केला आणि म्हणाल्या, दुखेल तिथे थांबायचं, बाकी हरकत नाही. उलट बरंच. वहिनी घरी आली ती शिट्टी वाजवत. तिला शिट्टी येते हे मला त्या दिवशी कळलं.

गुरुजींनी तिला पहिले दोन महिने ड्रायव्हरला हातच लावू दिला नाही. टोपलीत टाकायची जाड काठाची डिस्क दिली आणि म्हणाले, हीच फेका. ती वीस पावलं जायची. मग पंचवीस. मग त्यांनी मधल्या अंतराची दिली. वहिनी कामावर परत रुजू झाली होती, पण आता घडीच्या टेबलाऐवजी तिला मोजणीच्या खिडकीवर बसवलं होतं, आणि ती रविवारची वाट पाहायची. एकदा ती फेकत असताना गुरुजींनी तिला थांबवलं.

"हा शेवटचा झटका कुठे शिकलात?"

"कुठला?"

"सगळा हात सैल ठेवता आणि अगदी शेवटी मनगट खटकन थांबतं. पोरं वर्षानुवर्षं शिकतात तरी जमत नाही."

वहिनीने जरा विचार केला. "चादरीतला आहे तो," ती म्हणाली. "आधीपासून जोर लावला तर चादर फडफडते. ताणून झाल्यावर शेवटी द्यायचा असतो."

गुरुजींनी लगेच डिकीतून एक डिस्क काढली. पिवळी, हलकी, दीडशे ग्रॅमची. वेगाचा आकडा सात. तिसरा आकडा असा, की उजवीकडे सहज वळावी, आणि चौथा एक, म्हणजे शेवटी डावीकडे फारशी पडू नये. "हा तुमचा पहिला ड्रायव्हर," ते म्हणाले.

घरी आल्यावर वहिनीने ती दादासमोर टेबलावर ठेवली. "अहो, मला ड्रायव्हर मिळाला."

दादाने चष्म्यावरून पाहिलं. "घरात एक आहे तो पुरत नाही?"

"हा मी सांगेन तिकडे जातो."

दादा हसला. मी त्याला असं हसताना बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. त्यानंतरच्या रविवारी तोही थर्मास घेऊन आला, बाकावर बसला, आणि वहिनीची पहिली सातची फेक गेल्यावर उठून तिथपर्यंत चालत गेला. परत येऊन म्हणाला, "साडेतीन."

"काय साडेतीन?"

"बस. साडेतीन बस लांब गेली."

दादाची बस बारा मीटरची. त्याला मीटर कळत नाहीत असं नाही, पण बस उभी करायला किती जागा लागेल हे त्याचे डोळे तीस वर्षं मोजतायत, त्यामुळे त्याचा हिशोब इंचभरही चुकत नाही. तेव्हापासून आमच्या घरी अंतर बसमध्येच मोजलं जाऊ लागलं. धुलाईघरातही. सोमवारी बायका विचारायच्या, "काल किती बस?"

साडेतीनच्या चार झाल्या. मग गुरुजींनी तिला पायांचं काम शिकवलं. जोर हातात नसतो, तो जमिनीतून येतो, म्हणाले. पुढचा पाय रोवायचा, मग कंबर फिरते, मग खांदा, आणि हात तर सगळ्यांत शेवटी नुसता मागोमाग येतो. वहिनी स्वयंपाकघरात ओट्यापासून फ्रीजपर्यंत ती तीन पावलं घोटायची, हातात डिस्कच्या ऐवजी ताटली. एक ताटली गेली. पण खांद्यावरचा ताण कमी झाला आणि डिस्क एकदम पाच बसवर पडायला लागली.

पाच बस म्हणजे साठ मीटर. माझ्या तेराच्या डिस्क झुडपापर्यंत जेमतेम चार जायच्या. हे मी कोणाला सांगत नव्हतो, पण दादा मोजत होता.

पाच बस झाल्यावर वहिनीला हाव सुटली. हे तिचेच शब्द. तिने एका रविवारी, गुरुजी यायच्या आत, माझ्या पिशवीतून बाराची डिस्क काढली. "सातची पाच जाते, तर बाराची आठ जाईल," असा तिचा साधा हिशोब. तिने फेकली. डिस्क साडेतीन बसवर डावीकडे कोसळली. वहिनीचे ओठ आवळले गेले. तिने परत फेकली, आणखी जोर लावून. परत तेच. वीस वेळा तरी फेकली असेल. मी म्हटलं, "वहिनी, पुरे," तर म्हणाली, "थांबा हो, आता जमेल." एकविसाव्या फेकीला तिने खांदा धरला आणि खाली बसली.

त्या दिवशी दादा माझ्याशी घरापर्यंत बोलला नाही, आणि त्याचं न बोलणं नेहमीच्या न बोलण्यापेक्षा वेगळं होतं. फिजिओच्या बाईंनी तीन आठवडे डिस्कला हात लावायचा नाही असं बजावलं. सुदैवाने नुसताच ताण होता. वहिनी खाली मान घालून म्हणाली, "चूक माझी आहे, भाऊजींना काही म्हणू नका." मग मला म्हणाली, "पण ती डिस्क पिशवीत ठेवलीत कशाला?"

गुरुजी घरी भेटायला आले. रागावतील असं वाटलं होतं, पण त्यांनी चहा घेतला, बिस्किट बुडवलं आणि शांतपणे विचारलं, "ताई, डिस्क बदलायची वेळ झाली हे कसं ओळखायचं, माहितीये?"

"कसं?"

"डिस्क सांगते. तुम्ही विचारायचं नाही. ती सांगेपर्यंत सातच फेका."

वहिनीला ते तेव्हा कळलं नाही, मलाही नाही.

तीन आठवड्यांनी ती परत मैदानावर आली आणि शहाण्या मुलीसारखी पिवळी सातची फेकू लागली. दोन महिने तिने दुसऱ्या ड्रायव्हरकडे पाहिलंसुद्धा नाही. साडेपाच बस झाल्या. आणि मग एका रविवारी काहीतरी बिनसलं. डिस्क हातातून सुटायची ती सरळ निघायची, आणि अर्ध्या वाटेत उजवीकडे झुकायची. आधी ती झुकून परत सरळ यायची, आता येईनाच. उजवीकडे वळत वळत थेट सायकलच्या रस्त्यावर. गुरुजी त्या दिवशी आले नव्हते. पुढचा आठवडाभर वहिनीने घरात उच्छाद मांडला.

"माझी डिस्क बिघडली," ती म्हणाली. तिने ती कोमट पाण्यात साबण घालून धुतली. टेबलावर पालथी ठेवून, डोळा टेबलाच्या कडेला लावून, कुठे वाकली आहे का ते पाहिलं. दादाला पाहायला लावलं. दादा म्हणाला, "चाक सरळ आहे." मग तिला वाटलं आपला हातच बिघडला, खांद्याची भीती मनात बसली म्हणून आपण वाकडं फेकतोय. शनिवारी मला म्हणाली, "भाऊजी, मी उद्या येत नाही. दोन वर्षं होत आली, आणि पहिल्या दिवसापेक्षा वाईट फेकते."

मी तिला ओढतच नेलं. गुरुजी डिकी उघडत होते. वहिनीने त्यांना नमस्कारसुद्धा केला नाही, पिवळी डिस्क पुढे केली आणि म्हणाली, "ही घ्या परत. हिला काहीतरी झालंय."

"फेकून दाखवा."

तिने फेकली. डिस्क झपकन निघाली, उजवीकडे झुकली, झुकतच गेली आणि सायकलच्या रस्त्यापलीकडे गवतात पडली.

गुरुजींनी दोन्ही हात वर केले आणि भर बागेत, सत्तरीचा माणूस, टाळ्या वाजवायला लागले.

"अहो काय झालं?" वहिनी घाबरली.

"सांगितलं तिने! ताई, अहो, ती बिघडली नाही. तुम्ही तिच्या पुढे गेलात. तिला पेलतो त्यापेक्षा जास्त वेग तुम्ही देताय, म्हणून ती उलटतेय. माझ्याकडे लोक येतात ते डावीकडे पडते म्हणून रडत येतात. उजवीकडे जाते म्हणून रडत आलेल्या तुम्ही पहिल्याच!"

वहिनी त्यांच्याकडे पाहत राहिली. मग माझ्याकडे. मग तिने पदर तोंडाला लावला, आणि मला आधी वाटलं ती रडतेय, पण ती हसत होती. इतकी हसली की तिला बाकावर बसावं लागलं. "म्हणजे आठवडाभर मी हिला साबणाने धुतलं," ती म्हणाली, "आणि ही बिचारी मला शाबासकी देत होती!"

आता नवी डिस्क निवडायची होती. गुरुजींनी तीन डिस्क काढल्या आणि प्रत्येकीवरच्या आकड्यांवर पांढरी कागदी पट्टी चिकटवली. "आकडा दिसला की माणूस डोळ्यांनी निवडतो," ते म्हणाले. "प्रत्येक दहा वेळा फेका." मग माझ्याकडे वळले. "तूही."

वहिनीने अगदी चादरी तपासाव्यात तसं काम केलं. पहिली डिस्क हातात घेताच म्हणाली, "हिचा काठ रुंद आहे. माझी बोटं आत नीट पोचत नाहीत. पकडतानाच हात आवळला जातो." तरी दहा वेळा फेकली. दोनदा बरी गेली, आठदा डावीकडे पडली. दुसरी चांगली उडाली पण वहिनीला मान्य नव्हती, "ही पिवळीसारखीच आहे, जोर लावला की पळते." तिसरी लाल होती, किंचित जड, एकशे पासष्ट ग्रॅम. ती सरळ निघाली, जराशी उजवीकडे झुकली, मग जणू आठवण झाल्यासारखी परत सरळ आली आणि शेवटी हळूच डावीकडे टेकली. दहातल्या आठ वेळा तसंच. दादा चालत गेला, चालत आला. "साडेसहा."

"हीच," वहिनी म्हणाली.

पट्टी काढली. नऊची होती. रुंद काठाची निघाली बाराची, आणि दुसरी आठची.

मलाही माझी निवडायची होती. त्या तिन्हींवर माझं काही जमलं नाही, तेव्हा गुरुजींनी पट्टी लावलेली आणखी एक दिली. मी ती फेकली आणि तिथेच उभा राहिलो. माझ्या हातातून निघालेली डिस्क सरळ चाललेली मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होतो. ती चालतच राहिली. पाच बस! मी ओरडलो, "ही! मला हीच पाहिजे! कितीची आहे?"

गुरुजींनी पट्टी स्वतः न काढता वहिनीला काढायला दिली. तिने काढली, वाचली, आणि अगदी सभ्यपणे म्हणाली, "सातची आहे, भाऊजी. चांगली असते हो. मी सुरुवातीला तीच फेकायचे."

त्या दिवशी मी माझे चारही ड्रायव्हर गुरुजींच्या डिकीत ठेवून आलो. मनावरचं ओझं उतरलं हे कबूल करतो. झुडपातल्या काट्यांनी माझे दोन शर्ट खाल्ले होते.

पुढच्या वर्षभरात वहिनीची नऊची साडेसात बसवर गेली. मग गुरुजींनी तिला एक अकराची दिली, निळी, सहजासहजी उजवीकडे न वळणारी. "ही रोजची नाही," ते म्हणाले. "वारा समोरून असेल तेव्हाची." ती वहिनी फार कमी काढायची. तोपर्यंत ती परत घडीच्या टेबलावर गेली होती, आणि फिजिओच्या बाईंनी तिची फाइल बंद केली होती.

मग बागेत जोड्यांची स्पर्धा जाहीर झाली. दोघांनी फेकायचं, दोघांतली चांगली फेक धरायची, तिथून परत दोघांनी फेकायचं. मी आणि वहिनीने नाव दिलं. एकोणीस जोड्या होत्या, बहुतेक विशीतिशीतल्या. वहिनी साडी खोचून, पायात धुलाईघरातले रबरी तळव्यांचे बूट घालून उभी होती. समोरच्या जोडीतल्या मुलीने आदराने विचारलं, "काकू, तुम्ही कोणाला बघायला आलात?"

"यांना सांभाळायला," माझ्याकडे बोट दाखवून वहिनी म्हणाली.

तेरा ठिकाणं बरी गेली. चौदावं ठिकाण तळ्याचं. फेकायची जागा एका काठावर, टोपली पलीकडच्या काठावर. मधलं पाणी सहा बस. ज्यांना धीर नाही ते डावीकडच्या वळणाने दोन तुकड्यांत जातात. त्यात त्या दिवशी वारा सुटला होता, अगदी समोरून, पाण्यावर सुरकुत्या पडत होत्या. आमच्या आधीच्या तीन जोड्यांच्या डिस्क तळ्यात गेल्या होत्या. एकाने तर बूट काढून पँट वर सरकवायला सुरुवात केली होती.

मी शहाणपणाने माझी सातची डावीकडच्या गवतावर टाकली. सुरक्षित. आता वहिनी मोकळी होती, तिची पाण्यात गेली तरी आमचं फार बिघडणार नव्हतं. तिने पिशवीतून लाल नऊची काढली, हातात तोलली, वाऱ्याकडे तोंड करून उभी राहिली, आणि ती परत पिशवीत ठेवून निळी काढली.

"वहिनी, अकराची?" मी हळूच म्हटलं. "ही अजून तुझ्या हाताला नीट बसलेली नाही. परवा डावीकडे पडत होती."

"परवा वारा नव्हता," ती म्हणाली. "आज समोरून आहे. म्हणजे डिस्कला वाटणार, मी आणखी जोरात फेकलंय. लाल आहे ती उलटेल, उजवीकडे पाण्यात जाईल. हिला तो वारा हवाच आहे. मी फक्त नेहमीचं फेकायचं, जास्त काही करायचं नाही."

तीन वर्षं मी गुरुजींचं ऐकलं नव्हतं आणि ही बाई डिस्कला काय वाटणार ते सांगत होती.

पलीकडच्या काठावर दादा थर्मास घेऊन उभा होता. तो लांबून एवढासा दिसत होता. वहिनीने तीन पावलं घेतली, पाय रोवला, कंबर फिरली, आणि शेवटी तो झटका. डिस्क पाण्यावरून निघाली, खालून, माणसाच्या उंचीने. वाऱ्याने तिला जरा उजवीकडे लोटलं. मग ती सरळ झाली. मधोमध, अगदी सरळ, जशी कोणी दोरी बांधून ओढावी. पलीकडच्या काठाजवळ तिचा वेग सरला, ती डावीकडे झुकली आणि टोपलीच्या अलीकडे चारेक पावलांवर गवतात घुसली.

पलीकडून आवाज आला. माझ्या दादाचा. तीस वर्षांत मी त्याला कोणावर ओरडताना ऐकलं नव्हतं, आणि तो थर्मास उंच धरून उड्या मारत ओरडत होता, "आली! आली! इकडे आली!" सगळी बाग त्याच्याकडे बघत होती. ती समोरच्या जोडीतली मुलगी टाळ्या वाजवत वहिनीकडे धावली. "काकू, कितीची होती?"

"अकराची," वहिनी म्हणाली, आणि लगेच, "पण तू लगेच अकराची घेऊ नकोस हं."

आम्ही तळ्याला वळसा घालून गेलो. पहिल्यांदा मी टाकली, टोपलीच्या बाजूने गेली. मग वहिनीने टाकली. साखळ्या खळ्ळकन वाजल्या. दोन फेकांत चौदावं ठिकाण! दिवसभरात तिथे दोन लागलेली फक्त आणखी एक जोडी होती.

आम्ही चौथे आलो. तीन नंबरांनाच बक्षीस होतं, त्यामुळे हातात काही मिळालं नाही, पण दादाने घरी जाताना आम्हांला त्याच्या मार्गाच्या बसमध्ये बसवलं आणि स्टिअरिंगवर बसलेल्या मित्राला तळ्याची सगळी गोष्ट सांगितली. मग पुढच्या थांब्यावर चढलेल्या ओळखीच्या माणसाला परत सांगितली. घर येईपर्यंत पाणी सहा बसवरून आठ बसवर गेलं होतं, आणि वारा तर वादळच झाला होता. वहिनी खिडकीबाहेर बघत होती, पण तिचे कान लाल झाले होते.

आता धुलाईघरातल्या पाच जणी रविवारी येतात. गुरुजींनी पांढऱ्या पट्ट्यांचं बंडल वहिनीकडेच देऊन टाकलंय. गेल्या महिन्यात रोलरवरची एक धिप्पाड बाई आली, मनगटं माझ्या दुप्पट. आल्या आल्या म्हणाली, मला सगळ्यांत वेगवान द्या. वहिनीने तिला पट्टी लावलेली, टोपलीत टाकायची जाड काठाची डिस्क दिली आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाली, "ही घे, ही ताकदवान लोकांचीच आहे." बाई खूश. महिनाभर तीच फेकतेय आणि छान फेकतेय.

आणि परवाच्या रविवारी दादा बाकावरून उठला. थर्मास खाली ठेवला, शर्टाच्या बाह्या दुमडल्या, इकडेतिकडे पाहिलं आणि कोणाला ऐकू जाऊ नये अशा बेताने वहिनीला विचारलं, "मला कितीची झेपेल?"

वहिनी हसली नाही. तिने त्याचा हात हातात घेतला, बोटांची लांबी पाहिली, मनगट फिरवून पाहिलं, आणि डिकीत शोधायला वाकली.